प्रतापगडाचा मॅप प्लास्टिकसारखा दिसतोय? आधी ऊन, मग धुकं

सांगलीच्या एका पोरानं विचारलंय की झिरो ए. डी. या कॉम्प्युटरवरच्या स्ट्रॅटेजी गेमसाठी प्रतापगड आणि जावळीचा मॅप करतोय, टेरेन म्हणजे डोंगर-जमीन झाली, झाडं लावून झाली, गडाचे मॉडेल पण बसवले, पण सगळं प्लास्टिकच्या खेळण्यासारखं दिसतंय. धुकं टाकलं की जवळून भारी वाटतं आणि झूम आउट केलं की अख्खा मॅप पांढराफटक. ब्लूम, म्हणजे उजळ भागाभोवतीची चमक, वाढवला तर डोळ्यावर येतंय. तर आता अजून कुठला इफेक्ट टाकू?

भावा, कुठलाच टाकू नको. जेवढे टाकलेत तेवढे आधी बंद कर. ब्लूम शून्यावर, सॅच्युरेशन आणि कॉन्ट्रास्ट डिफॉल्टला, धुकं पूर्ण बंद, पोस्ट इफेक्ट, म्हणजे तयार चित्रावर वरून मारायचे फिल्टर, ते पण डिफॉल्ट. आता जे उघडंबोडकं दिसतंय ना त्याच्यावरच आपल्याला काम करायचंय, कारण मी साताऱ्यात बसून गेली कितीतरी वर्षं हेच करतोय आणि जेवढे मॅप माझ्याकडं दुरुस्तीला आले त्यातल्या बहुतेकांचं दुखणं इफेक्टमध्ये नव्हतंच, ऊनच चुकीचं होतं. ऊन, सावली आणि हवा, या तिघांचं एकमेकांशी जमलं पायजे. ते जमलं की धुकं नावाला लागतं, आणि नाही जमलं तर धुकं म्हणजे नुसता चुना.

पहिलं, सूर्य कुठं आहे? तू अॅटलस एडिटरमध्ये, म्हणजे गेमच्या मॅप बनवायच्या टूलमध्ये, सन एलिव्हेशनला, म्हणजे सूर्याच्या उंचीच्या कोनाला, हात लावलेला नाहीस असं तुझ्या स्क्रीनशॉटमधल्या सावल्या सांगतायत, भाल्याएवढीच भाल्याची सावली, म्हणजे ४५ अंश, तेच डिफॉल्ट. आता तुझा प्रसंग कुठला, तर अफझलखानाची भेट. पुस्तकात तारीख १० नोव्हेंबर १६५९ दिलेली असते, आणि इथं बरेच जण फसतात, कारण ती तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. इंग्रजांनी १७५२ पर्यंत तेच जुनं कॅलेंडर चालवलं आणि आपल्या इतिहासाच्या बऱ्याच तारखा त्याच हिशोबानं रूढ झाल्यात. तिथी आहे मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१. त्या तिथीचा चंद्र मागं मोजत गेलास तर तो आजच्या कॅलेंडरच्या २० नोव्हेंबरला बसतो, १० ला बसत नाही. दहा दिवसांनी उन्हात फार फरक पडतो असं नाही, दोन-अडीच अंशांचा पडेल, पण चंद्रात पडतो, त्याच्याकडं शेवटी येतो.

तर २० नोव्हेंबर, प्रतापगड साधारण १७.९ अंश उत्तर अक्षांशावर. त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५२ अंशांच्या आसपास चढतो, तो पण दक्षिणेकडं कललेला. झिरो ए. डी. च्या मॅप फाईलमध्ये कोन रेडियनमध्ये लिहितात, म्हणजे ०.९१. आणि भेट दुपारची, तर तू तीनच्या सुमाराचा सूर्य घे, तो येतो साधारण ३२ अंशांवर, रेडियनमध्ये ०.५६. बघ फरक. ४५ अंशांत सावली वस्तूएवढीच असते, ३२ ला ती दीडपटीपेक्षा लांब होते, आणि दिशा नैऋत्येकडून असल्यामुळं गडाची तटबंदी, बुरुज, झाडं सगळ्यांच्या सावल्या ईशान्येकडं पडतात. नुसतं एवढं केलंस तरी डोंगराच्या घड्या दिसायला लागतील, कारण तिरप्या उन्हातच उंचसखलपणा कळतो. आपल्याकडं मे महिन्यात दुसऱ्या आठवड्याच्या आसपास शून्य सावली दिवस येतो, त्या दिवशी दुपारी अजिंक्यताऱ्यावर जाऊन बघ, समोरचा यवतेश्वरचा डोंगर चपटा पुठ्ठा वाटतो, आणि तोच डोंगर दिवाळीनंतर संध्याकाळी बघितलास तर त्याच्या प्रत्येक सोंडेला, प्रत्येक घळीला सावली असते. डोंगर तोच.

सन रोटेशनचा, म्हणजे सूर्याच्या दिशेचा, आकडा कुठून कुठं मोजतात याच्यात डोकं घालू नकोस, मी पण घालत नाही. एक झेंड्याची काठी सपाट जागी उभी कर आणि स्लायडर फिरवत सावली बघ. नोव्हेंबरमध्ये बाराला ती बरोबर उत्तरेकडं पडली पायजे, ती पडली की तिथून पुढं ईशान्येला सरकव. तुझ्या मॅपची वरची बाजू उत्तर धरलीयस ना एवढं मात्र बघून घे, नायतर गड एकीकडं आणि ऊन भलतीकडं असं होतं.

सकाळचा प्रसंग करणार असलास तर अजून एक गोष्ट. जावळीच्या पूर्वेला महाबळेश्वरची अख्खी भिंत उभी आहे, त्यामुळं गडाखालच्या पार गावाच्या बाजूला खाली ऊन पोचायला चांगलाच उशीर होतो. गडाच्या माथ्यावर कोवळं ऊन आणि खाली खोऱ्यात अजून सावली, निळसर, गार. इंजिनची सावली एवढ्या लांबून नीट येईलच असं नाही, मी तर तिच्यावर अवलंबून राहतच नाही, खोऱ्यातलं टेरेन टेक्स्चर, म्हणजे जमिनीवर चढवलेलं चित्र, जरा गडद आणि थंड रंगाचं वापरतो आणि वरचं उबदार, झालं काम. खेळणाऱ्याला कळत पण नाही की सावली रंगवलेली आहे.

आता मुख्य दुखणं. प्लास्टिक दिसतं ते नुसत्या उन्हाच्या कोनामुळं नाही, सावलीच्या रंगामुळं. तुझी सावली राखाडी आहे. सन कलर पांढरा आणि अॅम्बियंट कलर, म्हणजे सावलीतल्या उजेडाचा रंग, राखाडी, म्हणजे तिन्ही आकडे सारखे, म्हणून सगळ्या वस्तू एकाच दुकानातून आणल्यासारख्या दिसतायत. खऱ्या जगात उघड्यावरच्या सावलीत उजेड येतो तो आभाळाचा, आणि आभाळ निळं, म्हणून सावली निळसर. ऊन पिवळसर. शिवाय जमीन पण खालून उजेड परत फेकते, आणि महाबळेश्वर-कासच्या पठारावर ती जमीन जांभ्याची, लाल, तिथल्या दगडी भिंतीच्या सावलीच्या बाजूला खालून तांबूस झाक येते, ती मी स्वतः कितीदा बघितलीय. काळा कातळ असला की ती येत नाही, तिथली सावली जास्त खोल.

हे अंदाजानं करू नकोस. मी जे करतो ते सांगतो, खर्च शून्य. एक साधा पांढरा कागद घ्यायचा, उन्हात दगडावर आडवा ठेवायचा, अर्ध्या भागावर वहीची सावली पाडायची. वही जरा लांब धरायची, अगदी कागदाला चिकटवली तर आभाळाचा उजेड पण अडतो. मग मोबाईलच्या कॅमेऱ्यात प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर लॉक करायचा, एचडीआर आणि एआयचं जे काय सुधारणा करणारं असतं ते बंद, आणि एक्स्पोजर एवढं खाली की उन्हातला भाग पूर्ण पांढरा फुटणार नाही. फोटो काढ. घरी येऊन गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग उचलायच्या टूलनं दोन्ही भागांचे आकडे बघ. मी गेल्या हिवाळ्यात सज्जनगडाच्या वाटेवर संध्याकाळी चारच्या पुढं काढलेल्या एका फोटोत उन्हातल्या भागाचे लाल, हिरवा, निळा असे २०८, १९६, १७४ आले आणि सावलीतल्याचे ८८, ९७, ११६. बघ, उन्हात लाल जास्त, सावलीत निळा जास्त, पूर्ण उलटं. हाच तो उलटेपणा तुझ्या मॅपमध्ये नाहीये.

हे आकडे थेट फाईलमध्ये टाकायचे नाहीत. फोटोतला २०० हा आकडा १०० च्या दुप्पट उजेड दाखवत नाही, गॅमामुळं, म्हणजे फोटोत उजेड सरळ प्रमाणात साठवत नाहीत त्यामुळं, तो साडेचार पटींच्या वर असतो, आणि इंजिन स्वतः रंगाचं काय करतं ते परत वेगळं. म्हणून सोपा मार्ग: गेममध्ये पण तोच कागद ठेव. एक चपटं पांढरं मॉडेल, टेक्स्चर पूर्ण पांढरं, त्याच्यावर अर्धी सावली पडेल असं एक खांड बाजूला. स्क्रीनशॉट काढ, त्याच टूलनं आकडे बघ, आणि सन कलर नि अॅम्बियंट कलर हलवत हलवत ते फोटोतल्या आकड्यांच्या जवळ आण. आधी सावलीचा भाग जुळव, कारण तिथं नुसतं अॅम्बियंट असतं, सूर्याचा संबंध नाही. ती बसली की तिला हात लावायचा नाही, मग सूर्य. उलट क्रमानं केलंस तर दिवसभर दोन्ही हलवत बसशील. मला पहिल्यांदा अख्खा रविवार लागला होता, आता अर्ध्या तासात होतं.

पावसाळी मॅपला हाच कागद मळभ असताना न्यायचा. मळभात लोक सगळं काळं आणि निळं करून टाकतात, ते चूक. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथं जुलैत उभा राहून बघ, उजेड कमी वाटतो पण सगळीकडून सारखा येतो, सावली जवळपास नसतेच, आणि रंग उलट जास्त उठून दिसतात, ओली पानं, ओला कातळ, शेवाळ. म्हणजे सूर्याचा उजेड कमी करायचा, अॅम्बियंट वर न्यायचं आणि ते जवळजवळ राखाडी ठेवायचं, थोडीशीच थंड झाक. पण सावली पूर्ण घालवू नको, नाहीतर सैनिक जमिनीवर तरंगल्यासारखे दिसतात. आणि तोच मॅप माण-खटावकडचा असला तर सगळं वेगळं, तिथं एप्रिल-मेमध्ये आभाळ निळं नसतंच, धुळीनं पांढुरकं असतं, त्यामुळं सावली पण निळी नाही, मातकट.

आता धुकं.

झूम आउट केल्यावर मॅप पांढरा का होतो? कारण या इंजिनचं धुकं जमिनीवर नसतं, ते कॅमेऱ्यापासूनच्या अंतरावर मोजतात. तू कॅमेरा वर नेलास की जमीन लांब गेली, म्हणून सगळीकडं धुकं. आणि ते अंतराच्या वर्गानं चढतं. समज १०० अंतरावर १० टक्के धुकं आहे. २०० ला ते २० नाही होत, ३४ च्या पुढं जातं, आणि ३०० ला ६१ टक्के. म्हणून जवळून बघताना स्लायडर छान वाटतो आणि वर गेलं की सत्यानाश. फॉग फॅक्टर, म्हणजे धुक्याचा जोर, ठरवताना कॅमेरा पूर्ण वर नेऊन ठरवायचा, सगळ्यात लांबच्या झूमला जेवढं सहन होईल तेवढंच. जवळून ते जवळपास दिसणार नाही, दिसू नये पण. फॉग थिकनेसचा स्लायडर कमाल मर्यादेचा आहे, तो असा ठेव की सगळ्यात लांबचा कोपरा पण पूर्ण गिळला जाणार नाही. स्ट्रॅटेजी गेम आहे, खेळणाऱ्याला घोडदळ आणि पायदळ वरून ओळखता आलं पायजे, ते नाही आलं तर तुझं धुकं कितीही खरं असलं तरी मॅप कोणी दुसऱ्यांदा उघडणार नाही.

रंग पांढरा देऊ नको. अंतरावरची हवा पांढरी नसते, आपल्या सह्याद्रीत तर नाहीच. अजिंक्यताऱ्यावरून पश्चिमेकडं एकामागं एक रांगा बघ, प्रत्येक मागची रांग जरा जास्त निळी आणि जरा जास्त फिकी, शेवटची तर आभाळात विरघळलेली. गडद वस्तू लांब गेली की निळसर होते, उजळ वस्तू मात्र उलट पिवळसर होत जाते, ते इंजिन करणार नाही, सोडून दे. फॉग कलरला तू जो स्कायबॉक्स, म्हणजे आभाळाचं चित्र, घेतलायस त्याच्या क्षितिजाचा रंग उचलून टाक, म्हणजे जिथं कॅमेरा खाली जातो तिथं डोंगर आणि आभाळ यांच्यामध्ये कापल्यासारखी रेघ येत नाही. दसऱ्यानंतर लगेचची हवा धुतलेली, स्वच्छ, तेव्हा हे अगदी कमी ठेव. उन्हाळ्यात वणवे लागतात तेव्हा जास्त आणि जरा तपकिरी.

पण तुला जे पायजे ते हे धुकं नाहीच ना? तुला पायजे हिवाळ्याच्या सकाळचं, खोऱ्यात साठलेलं. वाईच्या बाजूला कृष्णेच्या खोऱ्यात जे दिसतं ते. रात्री आभाळ निरभ्र असलं की डोंगरउतारावरची हवा गार होऊन जड होते, खाली उतरते आणि खोऱ्यात साठते, वर त्यातल्या त्यात उबदार हवेचं झाकण बसतं, म्हणून धुक्याला सपाट माथा असतो, दुधाचं पातेलं भरल्यासारखा, आणि त्यातून गडांची टोकं वर आलेली. सूर्य चढला की ते विरतं. हे अंतराच्या स्लायडरनं कधीच जमणार नाही. शेडरमध्ये, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या कोडमध्ये, हात घालून उंचीप्रमाणं धुकं करता येतं, मी केलंय, पण गेमची नवी आवृत्ती आली की ते दुरुस्त करत बसावं लागतं, तुला आत्ताच सांगणार नाही. पार्टिकल वापर, म्हणजे धूर-धुक्यासारखे हलणारे छोटे पारदर्शक तुकडे. आर्टच्या फोल्डरमध्ये पार्टिकल्सचं फोल्डर आहे, त्यात धुराच्या फाईली आहेत, त्यातली एक कॉपी करून तुझ्या मॉडमध्ये वेगळ्या नावानं ठेव, मूळ फाईल बदलू नको. ब्लेंड मोड, म्हणजे मागच्या चित्रात मिसळायची पद्धत, ओव्हर ठेव, अॅड ठेवलंस तर धुकं दिव्यासारखं चमकतं. लाइफटाइम लांब, वेग जवळपास शून्य, फक्त आडवा थोडासा, खोरं ज्या दिशेनं उतरतं त्या दिशेनं, आणि स्टार्ट फुल चालू कर म्हणजे मॅप उघडल्या उघडल्या धुकं भरलेलं असेल, नायतर पहिला अर्धा मिनिट खोरं रिकामं दिसतं.

आणि इथंच फ्रेम पडतात, म्हणजे गेम अडखळतो. एकावर एक पारदर्शक थर आले की तोच पिक्सेल ग्राफिक्स कार्डाला दहा-बारा वेळा रंगवायला लागतो. मी पहिला मॅप केला तेव्हा खोऱ्यात शंभरेक एमिटर, म्हणजे धुकं सोडणाऱ्या जागा, टाकले होते, माझ्या मशीनवर मक्खन चाललं आणि एका मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर स्लाइड शो. आता मी खोऱ्याच्या तळाला नदीच्या रेषेनं आठ-दहाच ठेवतो, मोठे, खूप विरळ, आणि धुक्याच्या कडेला तीनचार दाट, कारण डोळा कड बघतो, मधलं बघत नाही. मधलं काम टेरेनच्या फिकट टेक्स्चरवर सोडतो.

तोफेचा धूर पण याच फोल्डरमधून. गडावरून तोफेचा इशारा झाला तो तू दाखवणार असशील तर धूर काळा करू नको, काळी दारू जळली की धूर पांढरा निघतो. सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० अशा मापाची ती दारू, जळल्यावर वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन कणच राहतो, म्हणून तो दाट असतो आणि लवकर हटत नाही. आधी जोरात पुढं, मग थांबून फुगतो, मग वाऱ्यानं सरकतो. वारा मॅपभर एकाच दिशेचा ठेव, धुकं एकीकडं आणि धूर दुसरीकडं चालला की नजरेला लगेच खटकतं, का खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं.

ब्लूम, सॅच्युरेशन वगैरे सगळ्यात शेवटी, आणि चिमूटभर. पोस्ट प्रोसेसिंग बरेच जण सेटिंगमध्ये बंद करूनच खेळतात, त्यामुळं ते बंद असताना पण मॅप चांगला दिसला पायजे, मी तर बंद ठेवूनच सगळं काम करतो आणि शेवटच्या दिवशी चालू करतो. संध्याकाळचं केशरी ऊन करशील तेव्हा खेळाडूंचे रंग तपास, पिवळा आणि नारिंगी खेळाडू त्या उन्हात एकमेकांत मिसळतात, मग ऊन थोडं फिकं करावं लागतं, करायचं.

एक चूक माझ्याकडून झालेली, तुझ्याकडून होऊ नये म्हणून सांगतो. रात्री काम करताना लॅपटॉपचा नाईट लाईट चालू राहिला, तो पडदा पिवळट करतो, मी दोन आठवडे त्याच्यावर रंग जुळवत बसलो आणि मॅप दिल्यावर सगळे म्हणाले निळा पडलाय. दोन आठवड्यांचं काम परत करायला लागलं. बसायच्या आधी नाईट लाईट बंद, स्क्रीनचा ब्राइटनेस रोजचा तोच, आणि खोलीतला दिवा पण तोच.

रात्र राहिली. रात्रीचा मॅप वेगळी फाईल म्हणून सेव्ह कर, दिवसाचाच अंधारा करू नको. सप्तमीचा चंद्र म्हणजे सूर्य मावळताना तो दक्षिणेकडं चांगला उंच असतो आणि साडेअकरा-बाराच्या सुमाराला मावळतो. म्हणजे दिवेलागणीनंतर जावळीच्या रानात जी पळापळ आणि कापाकापी झाली ती अर्ध्या चंद्राच्या उजेडात, आणि मध्यरात्रीनंतर गडद अंधार. अर्धा चंद्र म्हणजे पौर्णिमेच्या निम्मा उजेड नसतो, साधारण दहावा हिस्सा असतो. तेवढा अंधार गेममध्ये केला तर काहीच दिसणार नाही, तर उजेड वाढव पण रंग उतरव, कारण अंधारात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. सॅच्युरेशन निम्म्यावर, सन कलरला थोडी निळी झाक, अॅम्बियंट त्याच्याहून फार खाली नको. या इंजिनमध्ये मशालीचा खरा उजेड आजूबाजूला पडत नाही, म्हणून प्रत्येक मशालीखाली जमिनीवर मऊ कडांचा पिवळसर गोल डेकल, म्हणजे जमिनीवर चिकटवायचं चित्र, टाक आणि ज्वाळेला तेवढ्यापुरता अॅड ब्लेंड, तिथं तो चालतो. मशाली थोड्याच ठेव. दरवाजा, सदर आणि पायथ्याच्या वाटेवर दोनतीन, बाकी रान काळंच राहू दे.

आधी कागदाचं कर. मग तीन झूमचे स्क्रीनशॉट पाठव, एकदम वरचा, मधला आणि सैनिकाच्या डोक्याएवढा, तिन्हीत तो पांढरा कागद दिसला पायजे, म्हणजे मला आकडे बघून सांगता येईल की काय हलवायचं.